दोन खाचांची कॉलर

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

दहा वर्षांनी वही हातात घेतली, कारण भांडायला माणूस उरलं नाही. पुण्यात असताना भांडायला अख्खा विभाग होता. इथे हिंगोलीत संध्याकाळी घरी फक्त बाबा, आणि ते भांडतच नाहीत. तहसीलमध्ये पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस कुणाच्याही आरडाओरड्याने हलत नाही.

सोमवारी शेड सुरू झाली. कनेरगाव नाक्यावर, धाब्यामागे, पूर्वी खताचं गोदाम होतं ती जागा. नऊ बायका कामाला आहेत. घरोघरी इंटरनेट नेणारी काचेची तार असते ना, केसाएवढी, तिच्या टोकाला बसणारा कनेक्टर आम्ही जोडतो. रचना माझी. कंपनीत बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या, मग राजीनामा फेकून ही स्वतःची शेड काढली. आता त्याच कंपनीने चाचणीला तीन खेपा मागितल्या आहेत, पाचशे-पाचशे नगांच्या. तिसऱ्या खेपेपर्यंत बाद नग शंभरात दोनच्या आत आले नाहीत, तर काम परत पुण्याला आणि शेडला कुलूप. मुदत २५ ऑक्टोबर.

रचना इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी शहाणपणा शिकवायला नको. कनेक्टरच्या पोटात एक पांढरी बारीक नळी असते, तिच्यातून काच जाते. नळीचं तोंड पुण्याहूनच तिरकं घासून येतं. समोर येणाऱ्या नळीचं तोंडही तिरकं. तिरका कापलेला ऊस जसा एकाच बाजूने जुळतो आणि एक कांडं उलटं धरलं की मध्ये फट पडते, तसंच हे. फट पडली की उजेड गळाला. म्हणून नळीवर कॉलर, कॉलरवर लाल ठिपका. ठिपका वर ठेवून नळी बाहेरच्या आवरणात सरकवायची, त्याला आम्ही घर म्हणतो. टक वाजलं की काम झालं.

घराच्या आत एक दात असतो, तो कॉलरच्या खाचेत बसतो. कॉलरला मी समोरासमोर दोन खाचा ठेवल्या आहेत. पुष्कर फोनवर म्हणाला, "मॅडम, एकच ठेवा. दोन असल्या तर उलटी पण बसेल." हा पुष्कर माझ्या हाताखाली पट्टीने रेघ मारायला शिकला, आता तिकडे गुणवत्ता बघतो. एकाच बाजूला खाच असली की प्लास्टिक थंड होताना त्या बाजूला वाकतं, कॉलर वाकली की नळी वाकडी. हे त्याला कुठून कळणार? उलटी बसू नये म्हणून तर ठिपका आहे. देवाने माणसाला डोळे दिलेत.

सोमवारी नारळ फोडल्यावर मी बायकांना तासभर समजावलं. अंश, काच, उजेडाची गळती. सगळ्या मख्ख. शेवटी म्हटलं, "हे बघा, ही नळी म्हणजे दिवा आहे. हिच्या तोंडातून उजेड निघतो आणि कुणाच्या तरी घरात जातो. देवापुढचा दिवा जसा हाताळता तशी हाताळा." लगेच उमगलं! शकुबाईंनी तर नळीला हात जोडले. शकुबाई नाक्यावरच्याच, पन्नाशीच्या, बाकी सगळ्या त्यांना मानतात. नळ्या ट्रेमध्ये ओळीने मांडायचं काम त्यांचं. त्यांच्या शेजारी माळावरच्या तांड्यातली संगिता बसते. ती चिमट्याने नळी उचलून घरात सरकवते. तिशीही नसेल, पण हात विजेसारखा. तिला उसाचा दाखला दिला तर म्हणाली, "मॅडम, ऊस मला नका सांगू. आठ वर्सं तोडला. तुमी तार सांगा." यंदा पहिल्यांदाच तिने नवऱ्याला, नेमसिंगला, सांगितलं आहे की दिवाळीनंतर ऊसतोडीला येणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरावाचे दोनशे नग झाले. एकही बाद नाही. एकही!

पुष्करला फोन करून आकडा सांगितला आणि तो काही बोलायच्या आत ठेवून दिला. बारा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

धूळ शोषणारं यंत्र आलं. नाक्यावरून दिवसभर ट्रक जातात, धूळ नळीच्या तोंडावर बसते, म्हणून मागवलं होतं. आणणाऱ्याने ते दारातच टाकलं आणि निघाला. त्याला रस्त्यापर्यंत जाऊन आणला, चार शिव्या दिल्या, मग त्याने आत बसवलं. पण ते बसलं पूर्वेच्या खिडकीपाशीच, कारण वीज तिथेच. म्हणून टेबलं फिरवावी लागली. आधी बायका खिडकीकडे तोंड करून बसायच्या, आता दक्षिणेच्या भिंतीकडे. घर पकडून धरणाऱ्या पोलादी बैठका टेबलांना बोल्टने आवळलेल्या आहेत, त्याही टेबलांबरोबर फिरल्या. बघायला छान सरळ रांग झाली.

शकुबाई घुटमळत होत्या. "ताई, आता समद्याचं तोंड तिकडं व्हय?"

"तिकडंच," मी म्हटलं. माझे हात ग्रीसने भरलेले होते आणि प्रत्येक खुर्चीची चर्चा करायला मला वेळ नव्हता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाचशेत एकसष्ट बाद.

आधी वाटलं उजेड मोजणारं यंत्रच बिघडलं. दोनदा तपासलं. यंत्र ठीक. मग बाद नगांतले दहा फोडले. दहाही नगांत नळी उलटी, लाल ठिपका खाली. दहाच्या दहा! गेल्या आठवड्यात दोनशेत एक चूक नाही, आणि आज हे. म्हणजे हातांना येतं, पण लक्ष नाही. पहिले चार दिवस मॅडम उभ्या होत्या म्हणून सगळ्या सरळ, आता पाठ फिरली की गप्पा.

सगळ्यांना उभं करून बोलले. "लाल ठिपका वर. एवढंच बघायचं आहे. पहिलीतलं लेकरू बघेल." कुणी वर पाहिलं नाही. उद्या मुक्तिसंग्राम दिनाची सुटी आहे, ती रद्द करावीशी वाटली. केली नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज मुळाशी जायचं ठरवलं. आधी शकुबाईंचा ट्रे तपासला. ठिपके सगळे वर, तोंडं सगळी बाईकडे, ओळ अशी की आखणी करून मांडलीय. त्यांच्यात दोष नाही. म्हणजे नळी उलटते ती संगिताच्या हातात.

तिला उठवून मी स्वतः बसले. ट्रे माझ्याकडे ओढला, नीट फिरवून घेतला आणि पन्नास नग जोडले. पन्नासच्या पन्नास बरोबर. माझं वय बेचाळीस, डोळ्याला चष्मा, आणि हे काम मी रोज करत नाही. मग?

संगिता मागे उभी होती. म्हणाली, "मॅडम, माह्या हातात उलटं येऊन राहिलं. भाकर उलटावी तसं मनगट फिरतंय. मी ठिपका बघते, पर चिमट्याखाली दिसत न्हाई."

"मग हात नीट कर," मी म्हणाले. "मला दिसतो तो तुला काहून दिसत नाही?"

शकुबाईंकडे पाहिलं तिने. मला हे एकमेकींकडे बघणं अजिबात आवडत नाही, त्यात काहीतरी शिजत असतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुसरी खेप. चौऱ्याहत्तर बाद.

पुष्करचा फोन. आवाजात साखर. "मॅडम, कॉलरचा विचार करायचा का परत?" म्हटलं, कॉलरमध्ये काही नाही. याच कॉलरने दोनशेत शून्य दिलेत. कॉलर तीच, साचा तोच, बदलली फक्त माणसांची मनं. तो म्हणाला, बरं, कारण लेखी पाठवा. पाठवलं. "कारण: कामगाराचा निष्काळजीपणा."

लिहून झाल्यावर क्षणभर थांबले होते. पुण्यात माझ्या वरचा माणूस प्रत्येक बिघाडाला हेच लिहायचा आणि मी त्याच्याशी कडाकडा भांडायचे. पण तो आळशी होता, त्याने कधी नग फोडून पाहिले नाहीत. मी पाहिले आहेत.

घरी आले तर बाबा म्हणाले, "नीला, जेवायचं का?" मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं, अशा बायका आहेत." ते म्हणाले, "बरं, पण जेव."

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. बायकांनी चिमटे, बैठका, धुळीचं यंत्र, सगळ्यांची पूजा केली. झेंडूची फुलं यंत्राच्या जाळीत ओढली गेली आणि ते बंद पडलं. अर्धा दिवस फुलं काढण्यात गेला. माझा संताप अनावर झाला होता, पण पूजेच्या दिवशी ओरडायचं नाही असं आईचं होतं, म्हणून दात आवळून बसले.

शकुबाईंनी ट्रेपुढे फूल ठेवलं आणि ट्रेलाही नमस्कार केला. संगिता जवळ आली. "मॅडम, एक सांगू? ते समोरून आलं ना, तर बराबर जाईन."

"समोरून म्हणजे?"

तिने पुन्हा शकुबाईंकडे पाहिलं, मग म्हणाली, "काही न्हाई. ऱ्हाऊ द्या."

बोलायचं तर धड बोला, नाहीतर गप्प बसा. मी यंत्राच्या जाळीतून पाकळ्या काढत होते.

६ ऑक्टोबर, सोमवार

संगिताला कमी केलं.

सकाळी शंभर नगांत सतरा बाद. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. ती आणखी गडबडली, एक नळी खाली पडली. त्या नळीला हात लावायला सगळ्याच धावल्या, शकुबाईंनी ती उचलून कपाळाला लावली, जणू प्रसाद सांडला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर बोलले. बोलले ते लिहिते, कारण मला स्वतःशी खोटं बोलायचं नाही: "कोयता धरलेल्या हाताला हे जमणार नाही, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं."

संगिताने चिमटा पुसला, डब्यात ठेवला. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, चार घड्या केल्या आणि टेबलावर ठेवली. जाताना दारात एवढंच म्हणाली, "म्या दोनदा सांगलं व्हतं."

काय सांगितलं होतं? मनगट फिरतं, हे सांगितलं होतं. ते तर मलाच दिसत होतं.

पुष्करला कळवलं. "उपाय: संबंधित कामगार संगिता नेमसिंग आडे हिला कामावरून कमी केले."

९ ऑक्टोबर, गुरुवार

तिच्या जागी निता बसवली. पुसेगावची, बारावी झालेली, शांत, घाई न करणारी. शंभरात पंधरा बाद.

पंधरा.

निता संगिताच्या शेजारी बसायची, तिचं बघूनच शिकली असणार, म्हणून तीच खोड. हे लिहिलं आणि मलाच पटलं नाही. दोन वेगळे हात, एक जलद, एक सावकाश, आणि चूक तीच. पुण्यात असं दिसलं असतं तर मी पहिल्यांदा काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, हाताकडे नका बघू, हातात येतं काय ते बघा. पण बघितलं आहे मी. ट्रे बघितला, कॉलर मोजली, बैठक मोजली. सगळं बरोबर आहे, आणि नग बाद आहेत.

ऐकलं की नेमसिंगने दोघांची नावं ऊसतोडीला दिली. शकुबाई निताला सांगत होत्या, मी आत आले तशा गप्प झाल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तिसऱ्या खेपेला अकरा दिवस उरले. आज एका बाईवर ओरडले ती रडली, नंतर कळलं तिचा काही संबंधच नव्हता, ती पेट्या बांधते. आठ जणी माझ्याशी फक्त हो-नाही बोलतात. शेड बंद पडली तर पडू दे, असंही मनात येऊन गेलं. मग पुष्करचा साखरेचा आवाज आठवला.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

आजच लिहायला हवं.

संध्याकाळी बाबांनी कणकेचा दिवा केला. आई गेल्यापासून हे सगळं तेच करतात. मी डोकं धरून बसले होते, तर म्हणाले, "नीला, एवढा उंबऱ्याबाहेर ठेव." मी चरफडत उठले, दिवा नेऊन ठेवला आणि वळले.

"अगं, असा नाही. तोंड दक्षिणेला कर."

"काय फरक पडतो?"

"यमाचा दिवा आहे तो. वर्षातून हा एकच दिवा दक्षिणेला तोंड करून लावायचा. एरवी कोणी लावत नाही, अशुभ. तुझ्या आईने कधी समईची वातसुद्धा तिकडं होऊ दिली नाही."

मी वाकले. दिवा उचलून, आहे तसा अर्धा गोल फिरवून ठेवला. तोंड दक्षिणेला. ज्योत भिंतीकडे. आणि त्या ज्योतीकडे बघत तिथेच उंबऱ्यावर बसले.

मीच म्हटलं होतं. नारळ फोडून, चार लोकांसमोर, छाती पुढे काढून म्हटलं होतं: ही नळी म्हणजे दिवा आहे, देवापुढच्या दिव्यासारखी हाताळा. मग मीच टेबलं दक्षिणेकडे फिरवली. दोनशेत शून्य होतं ते टेबलं फिरवण्याआधी. "तोंडं सगळी बाईकडे" असं या वहीत मी माझ्या हाताने लिहिलं आहे! आधी तोंडं समोर, खिडकीकडे असायची. शकुबाईंनी ट्रे फिरवला, दिव्यांची तोंडं दक्षिणेला नकोत म्हणून. बैठक तर बोल्टने आवळलेली, ती दक्षिणेलाच. म्हणजे नळी उचलणाऱ्या बाईला ती हातातल्या हातात उलट दिशेला न्यायची. मी आत्ता दिवा फिरवला तशी आडवी फिरवली तर ठिपका वर राहतो. पण चिमट्यात धरून भराभर काम करताना मनगट वळतं ते भाकरी उलटावी तसंच. आणि ठिपका खाली जातो.

भाकर उलटावी तसं. हेच शब्द होते तिचे. आणि माझी दोन खाचांची कॉलर उलट्या नळीलाही तितक्याच मायेने टक म्हणते.

बाबा म्हणाले, "का गं, रडतेस का?" मी म्हटलं, "नाही, चिडलेय." खरंच चिडले होते. इतकी मी कुणावर कधीच चिडले नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी शकुबाईंच्या घरी गेले. त्या अंगण सारवत होत्या. मी विचारलं, ट्रे तुम्ही फिरवता का?

"व्हय," त्या म्हणाल्या, जशी काही ही सगळ्या जगाला ठाऊक गोष्ट. "दिव्याचं तोंड दक्षिनंला कसं करावं ताई? घरात गेल्यावर ठीक हाये, वरून टोपी आसती, झाकलेला दिवा. पर ट्रेमंदी दिसभर उघडा पडतो. कुनाच्या घरी उजेड जानार हाये त्यातून. त्या घराला बाधा काहून लागू द्यायची?"

"मला विचारायचं तरी."

"इचारलं ना. तोंड तिकडं व्हय, म्हनलं. तुमी म्हनल्या तिकडंच. मंग आमीच आमचं निभावलं."

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. कुणाच्या तरी, कधी न बघितलेल्या घरासाठी त्या रोज ट्रेभर नळ्यांची तोंडं फिरवत होत्या. आम्ही पुण्यात गुणवत्तेवर चार-चार दिवसांची शिबिरं घ्यायचो.

तिथून तांड्यावर गेले. संगिता दारात बसून गोधडीची शिवण उसवत होती. उठली नाही. तिला सगळं सांगितलं. तिला त्यात नवीन काहीच नव्हतं.

"माहीत होतं तर स्पष्ट का नाही सांगितलं, की ट्रे उलटा येतो?"

"शकुबाई मोठी हाये. तिचं चुकलं आसं चारचौघांत कसं म्हनावं? आन् तिचं चुकलंबी न्हाई. दिवा तुमीच म्हनल्या." मग गोधडीतला दोरा ओढत, "माह्या हातात उलटं येऊन राहिलं म्हनलं. समोरून येऊ द्या म्हनलं. तुमी म्हनल्या हात नीट कर."

"चुकलं माझं. परत ये."

"नावं दिली आता. कोयता जोडीचा आस्तो. म्या न्हाई गेले तर ह्याची जोडी मोडती, दुसऱ्याचंबी काम मोडतं. सव्वीसला गाडी हाये."

मी काही बोलणार होते. तिने हात वर केला. "एक करा. पुन्याच्या कागदावर माहं नाव लिवलं म्हनं. निता सांगत व्हती. ते काढा."

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

टेबलं परत फिरवणं सोपं होतं. दोन मिनिटांत चूक बंद झाली असती. पण मग पुढच्या शेडमध्ये, पुढच्या गावात, पुढच्या कुणाच्या तरी देवामुळे किंवा सवयीमुळे पुन्हा तेच. माझी रचना माणसाने एका दिशेला बसावं या भरवशावर उभी असेल, तर ती रचनाच नाही.

हिंगोलीतल्या हरिचंदकडे साचा आहे. लक्ष्मीपूजनाला गेले तर म्हणाला, "आज अवजाराला हात न्हाई लावत ताई, फाशी द्या पायजे तर." आज सकाळी लावला. कॉलरच्या साच्यात खाच पाडणारे दोन उंचवटे आहेत. त्यातला एक पुढून अर्धा घासून काढला. आता एक खाच पूर्ण, दुसरी अर्ध्यावर बंद. दोन्ही बाजूंना खाच आहे म्हणून प्लास्टिक वाकत नाही, आणि उलटी नळी अर्ध्यावर अडते. हरिचंदला चाळीस मिनिटं लागली, त्यात त्याचा चहा धरून. इतकंच होतं. चाळीस मिनिटं.

एक खाच आणि दोन खाचा यांच्या मधलं हे मला सप्टेंबरमध्ये सुचलं नाही, कारण पुष्करला हरवायचं होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज, तरी पाच जणी दुपारनंतर आल्या. आज संध्याकाळी तिसरी खेप पूर्ण झाली. टेबलं दक्षिणेलाच. शकुबाई ट्रे फिरवतात तसाच फिरवला. निताने पाचशे नग जोडले. उलटी गेली की अडते, ती हसते, मनगट वळवते, टक.

बाद: शून्य.

पुष्करला अहवाल पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "आधीच्या दोन्ही खेपांतील बिघाड रचनेचा. रचना नीलांबरी विश्वंभर यांची. कामगार संगिता नेमसिंग आडे यांचा दोष नाही, त्यांनी दोष दोन वेळा दाखवला होता, तो ऐकला गेला नाही. त्यांचे नाव आधीच्या कागदांतून काढावे."

तासाभराने त्याचा फोन. "मॅडम, अभिनंदन. काम तुमचंच. पण कारण एवढं उघड लिहायची गरज नव्हती. प्रक्रियेतला किरकोळ फरक असं करू का? नाव बिव नको." मी म्हटलं, "एक अक्षर बदललंस तर काम तुझ्याकडेच ठेव." आणि त्याला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला लावलं. त्याने वाचलं.

शेड राहिली. आठ जणी राहिल्या. बायकांनी पेढे आणले होते, मी एक खाल्ला.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातला तांड्याच्या फाट्यावर गेले. ट्रक उभा होता. भांडी, गाठोडी, कोंबड्यांची दुरडी, वर माणसं. नेमसिंग टायरपाशी उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बरोबर केलं त्याने.

संगिता चढणारच होती. मी खिशातून नवी कॉलर बसवलेली नळी आणि टोपीसकट एक घर काढलं. म्हटलं, "बघ."

तिने पदराला हात पुसले. घर डाव्या हातात, नळी उजव्या चिमटीत, चिमट्याशिवायच. मुद्दाम उलटी सरकवली. अर्ध्यावर अडली. जोर दिला. नाही गेली. डोळ्याजवळ नेऊन अर्धी खाच बघितली, अंगठ्याने चाचपली. मग मनगट वळवलं, ठिपका वर, टक.

तिने पुन्हा काढली, पुन्हा उलटी घातली, पुन्हा अडली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"नाव काढलं कागदातलं," मी म्हणाले. "मार्चमध्ये परत येशील तेव्हा तुझी खुर्ची..."

"मॅडम," ती हातातल्या कनेक्टरकडेच बघत म्हणाली, "हे आधी करता येत न्हवतं व्हय?"

"येत होतं."

तिने मान हलवली. वरून कुणीतरी हात दिला. चढण्याआधी तिने घराची टोपी चापून बसवली आणि कनेक्टर माझ्या हातात परत दिला.